जीप माझी, तंबू तुझा

सोलापूर,
मंगळवार, ता. २५ ऑक्टोबर १९७७

प्रिय जोतीराम यास बसवराजचा नमस्कार.

अक्षर ओळखलंस का? साडेसहा वर्षांनी लिहितो आहे. तुझा पत्ता हिंदुरावने दिला. तुझा हा मावसभाऊ परवा एसटी स्टँडवर अचानक भेटला. तू श्रीरामपूरला साखर कारखान्यात आहेस एवढंच म्हणाला, माझ्या हातातल्या पाकिटाच्या पाठीवर पत्ता लिहिला आणि गाडी धरायला पळाला. तुझी तब्येत, सोजरवहिनी, काही विचारायला सवडच मिळाली नाही. तेव्हा तूच कळव.

इकडे सर्व ठीक. सात रस्ता चौकातलं दुकान चालू आहे. ताडपत्र्या आणि कनाती अजून मीच बेततो, शिवायला आता सिद्धाराम आहे. वडील दोन वर्षांमागे गेले, लिंगैक्य झाले. तुझ्या सुंदरम्मावहिनीचे गुडघे धरतात, पण कडक भाकरी करायची सोडत नाही.

लिहायचं कारण म्हणजे आपला जीपवरचा तंबू. तू गेलास त्या दिवशी 'जीप माझी, तंबू तुझा' म्हणून तो दुकानाच्या दारात उतरवून ठेवलास. तेव्हापासून तो मागच्या खोलीत आढ्याला चार दोरांवर टांगलेला आहे. जमिनीवर ठेवला तर वाळवी आणि उंदीर, भिंतीला टेकवला तर ओल. दर दसऱ्यानंतर मी तो खाली घेतो, अंगणात दोन लाकडी घोड्यांवर ठेवतो आणि पूर्ण उघडून दोन दिवस ऊन देतो. बुरशी आली असेल तर कोरड्या ब्रशने झाडतो. शिवणीवर मेण फिरवतो, घड्यांत कडुनिंबाचा पाला घालतो. ओला कधी मिटत नाही. शिडीचे दोन दांडे तेवढे बदलावे लागले, बाकी सगळा जसाच्या तसा आहे. एका कोपऱ्यात सुंदरम्माच्या हातचा शेंगाचटणीचा तेलकट डाग आहे, तो काही जात नाही. मीही फार घासत नाही.

आठवतं, ते परदेशी नवरा-बायको? हैदराबादकडे निघालेले, मोटारीच्या टपावरचा तंबू फाटला म्हणून दुकानासमोर थांबले होते. मी शिवत होतो आणि तू त्यांच्या शिडीवर चढून उतरून, चढून उतरून बघत होतास. 'बसू, आपल्या जीपवर ह्ये हुतंय की!' तीन महिने लागले. सागवानी फळ्या तू आणल्यास, कापड माझं. लोक हसायचे. सुंदरम्मा म्हणाली, 'हसू देत. खाली विंचूकाट्याची भीती, वर निवांत.'

या दसऱ्यानंतर उघडला तेव्हा दुकान बंद होतं. दुपारी मी आत जाऊन बसलो. कापड तापलं की अजून धुराचा वास येतो. नान्नजच्या माळावरची ती सकाळ आठवली. तू माझं तोंड दाबून धरलंस आणि पडद्याच्या फटीतून दाखवलंस. गवतातून माळढोक चालला होता, एकटाच, पाटलासारखा मान वर करून. आपण तिघे पोटावर पडून बघत होतो, आणि तुझ्या हसण्यामुळे सबंध जीप डुलत होती. खाली जीप नसली की तंबू डुलत नाही, जोतीराम. मी बराच वेळ बसून पाहिलं.

तर तंबू अर्धा तुझा आहे. पाठवू का, की तू नेतोस? जीप अजून आहे का तुझ्याकडे?

मंद्रूपचा रावजी मागच्या आठवड्यात दुकानात येऊन गेला. लंगडतो, पण शेती करतो. तुझी चौकशी केली त्याने. बाकी विशेष काही नाही.

सुंदरम्मा विचारते, 'जोतीराम यावाग बरतार?' कधी येणार ते काय सांगू तिला?

तुझा,
बसवराज

—

सोलापूर,
रविवार, ता. २० नोव्हेंबर १९७७

प्रिय जोतीराम,

पत्राचं उत्तर आलं नाही. दिवाळी गेली. उत्तर यावं असं त्या पत्रात काही नव्हतं, हे मला टाकतानाच कळलं होतं. जे लिहायला बसलो होतो ते सोडून मी तुला ब्रश आणि मेण लिहिलं.

आता लिहितो.

रावजी आला तो खळ्यासाठी ताडपत्री घ्यायला. कापड दाखवायला मी त्याला मागच्या खोलीत नेलं. तंबू अजून अंगणातच उघडा होता. दारातून दिसला तसा तो थांबला.

'ह्योच का त्यो?'

'हाच.'

त्याने काठी भिंतीला लावली, जवळ गेला, कापडावरून हात फिरवला. मग म्हणाला, 'त्या डायवरचं काय झालं वो? लई चांगला माणूस. मला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं त्यानं. आई आई करत हुतो, तर म्हनला, मी हाय की.'

मी म्हटलं, तो सोलापूर सोडून गेला. त्याच्या हातून गाडी भरधाव गेली असं झालं ना, मग गिरणीने त्याला ड्रायव्हरच्या नोकरीवरून काढलं.

रावजी माझ्याकडे वळला. 'भरधाव? कोन म्हनलं? मी कडंला सायकल धरून हुबा हुतो. समोरनं येताना बगितलं की मी. बैलगाडीवानी येत हुती जीप. जीपच्या मागनं ट्रक आला, त्याच्या वाऱ्यानं तंबू उचलला आन माज्या पायावर पडला. मला कुनी इचारलंच न्हाय. मी तर महिनाभर दवाखान्यात.'

जोतीराम, रावजी म्हणाला तेच खरं आहे.

हत्तरसंगला संगमावर आपण मुक्काम केला होता. सकाळी तू इंजिनाचं पाणी बघत होतास. तंबू टपाला आवळायचं काम माझं. मागच्या दोन बोल्टांच्या चाक्या मी पान्याने आवळल्या. पुढच्या दोन नुसत्या बोटांनी फिरवल्या, कारण सुंदरम्माने चहाला हाक मारली आणि मला दुकान उघडायची घाई होती. चहा झाल्यावर आवळू म्हटलं. चहा प्यालो आणि गाडीत बसलो; सुंदरम्मा मागे झोपून गेली. मंद्रूपच्या अलीकडे मला आठवलं. खरंच आठवलं. गाडी थांबव म्हणावं असं मनात आलं, आणि मी म्हटलं, आता काय, घर आलंच.

त्यानंतर तो ट्रक आला.

तू रावजीला घेऊन दवाखान्याकडे गेलास, तेव्हा मी रस्त्यावर तंबूजवळ होतो. पुढच्या पट्ट्या शाबूत, बोल्टचे आटे शाबूत, चाक्या तेवढ्या गळालेल्या. पुढे तुटलं काहीच नव्हतं. पोलीस आले, विचारलं, कसं झालं? मला वाटलं, आता सगळे म्हणतील, चनमल्लप्पाच्या दुकानचं काम सुटलं, माणसाच्या अंगावर पडलं. दुकानावर नाव वडिलांचं, तेव्हा तेच गल्ल्यावर बसायचे. मी म्हणालो, गाडी भरधाव होती. एवढंच. एकदाच. त्यांनी लिहून घेतलं आणि मी सही केली.

पण खरं पाप ते नाही. दवाखान्याच्या पायरीवर तू मला विचारलंस, 'बसू, खरंच जोरात हुती का रं?' तुझ्या सदऱ्यावर त्याचं रक्त होतं. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. मी म्हणालो, 'होय की.'

तू मान खाली घातलीस. ती मान मला रोज दिसते.

रावजीला मी सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. काठी घेतली आणि म्हणाला, 'मला काय सांगता? माजा पाय तंबूनं मोडला, चाकीनं का वाऱ्यानं, त्यात मला काय. त्याला सांगा.' ताडपत्री न घेताच गेला.

सुंदरम्माला त्याच दिवशी सांगितलं. दोन दिवस ती ताट वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी म्हणाली, 'पत्र तुम्ही लिहा. नाहीतर मी लिहिते, मोडकं तोडकं का होईना.' मग मी ते पहिलं पत्र लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'यात कुठं आहे?'

गेल्या सोमवारी ठाण्यात जाऊन मी जबाब लिहून दिला. इतक्या जुन्या प्रकरणाचं आता काय करायचं, असं म्हणाले, पण कागद ठेवून घेतला. गिरणीचे त्या वेळचे मॅनेजर आता घरीच असतात, त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं. त्यांनी बस म्हटलं नाही. जबाबाची नक्कल सोबत आहे. तिच्याने तुझी नोकरी परत येत नाही, हे मला समजतं.

तू गेल्यापासून मी कुठे मुक्कामाला गेलो नाही. नान्नजवरून जाणारी गाडी दिसली तरी तोंड फिरवतो. पेठेत तुझ्यासारखा खांदा वाकडा करून चालणारा एक माणूस आहे, त्याच्यामागे मी दोनदा गेलो आहे. तू नाहीस हे माहीत असून. सोलापुरात मला 'बसू' म्हणणारं कोणी राहिलं नाही.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. तुझी चूक नव्हती, एवढं तुला माझ्याच हातून कळायला हवं होतं.

मित्र म्हणवून घ्यायची लाज वाटणारा,
बसवराज

—

श्रीरामपूर,
शुक्रवार, ता. ९ डिसेंबर १९७७

बसवराज,

तुजी दोन्ही पत्रं पोचली. पयलं वाचून हासलो. तंबूला ऊन दावतोस, पाला घालतोस, आन मला साडेसहा वर्सं पत्राची एक वळ न्हाय. दुसरं वाचलं आन जेवलो न्हाय.

तुला वाटतंय, नोकरी गेली म्हून मी सोलापूर सोडलं. तसं न्हाय. नोकऱ्या लई हुत्या. तू 'होय की' म्हनलास आन मला त्ये खरं वाटलं. तू कशाला खोटं बोलशील? म्हनलं, जोत्या, तुला तुजाच वेग कळंना झालाय, आज एकाचा पाय मोडला, उद्या कुनाला मारशील. जीप घिऊन हितवर आलो तीच शेवटची. त्यानंतर स्टेअरिंगला हात न्हाय लावला. हितं मी कारखान्यात वजनकाट्यावर हाय. उसाच्या गाड्या येत्यात, मी 'मागं घ्या, पुडं घ्या' करतो.

मागल्या साली सोजरला इंचू चावला. जीप दारात हुती. मी बैलगाडी जुपली. दवाखाना गाटंपतुर तिचे डोळे फिरले हुते. वाचली, पर ती तिच्या नशिबानं. ह्ये तुला सांगनार नव्हतो. पर तू सगळं सांगितलंस, मंग मी का ठिऊ.

राग आला का म्हनशील, तर व्हय. अजून हाय. पत्र चुलीत घालाय निगालो तर सोजरनं हात धरला. तिला वाचता येत न्हाय. म्हनली, वाचून दावा. सगळं वाचून दावलं. मंग म्हनली, 'आता बसून काय ऱ्हायलात? उटा की.'

जीप बाभळीखाली हुती, सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. चार दिस खपलो. काल सकाळी चालू झाली. सोजरला शेजारी बसवलं आन प्रवरेपतुर जाऊन आलो. येताना समोरनं उसाचे ट्रक, एकामागं एक, सात. कडंला घेतलं, त्यास्नी जाऊ दिलं, परत रस्त्यावर आलो. घरी आल्यावर मातूर अंगनात उतरलो आन लहान पोरावानी रडलो. सोजर आत निगून गेली, मला रडू दिलं तिनं.

माफ केलं का, त्ये आज लिवत न्हाय. लिवलं तर खोटं हुईल, आन खोटं आपल्या दोगांत लई झालं. वैनीस्नी नमस्कार सांग. रावजीला म्हनावं, डायवर बरा हाय.

उसाचं गळीत एप्रिलात संपतं. तवा येनं हुईल का न्हाय, त्ये माजं मला ठरवू दे. पर आलो तर एसटीनं येनार न्हाय.

जोतीराम,
ड्रायव्हर