माझी उचलबांगडी राहिली

मास्तर, सगळ्यांसाठी तुम्ही पोरं धाडलीत, एक माझ्यासाठी तेवढी नाही धाडलीत. हे मी आज नाही म्हणत, परकर नेसत होते तेव्हापासून म्हणतेय. शाळा बुडवणारा माळ्यावर लपो नाहीतर गोठ्यात वैरणीखाली शिरो, तुमची चार दांडगी पोरं जायची आणि त्याचे हातपाय धरून, उताणा, गावभर मिरवत देवळातल्या शाळेत आणून टाकायची. उचलबांगडी! बायका हातातलं टाकून बघायला यायच्या. तो बोंबलायचा, लाथा झाडायचा, आणि तुम्ही वर मान न करता म्हणायचात, "आलात? बसा. काल कुठवर आलो होतो?" तेवढंच. मारायचा नाहीत तुम्ही फारसं. पण गावातल्या कुठल्याही पोराला ठाऊक होतं, की आपण गेलो नाही तर मास्तर आपल्याला आणवतील.

मला शाळेत घातलं ते शिकायला नव्हे, हे तुम्हाला माहीत होतं. धाकटा भाऊ एकटा बसेना, रडून देऊळ डोक्यावर घ्यायचा, म्हणून बाबांनी मला त्याच्याशेजारी बसवलं. तो धूळपाटीवर रेघोट्या ओढून झोपायचा आणि त्याला सांगितलेलं मी उचलायचे. बाराखडी झाली. जोडाक्षरं सुरू झाली आणि भाताची आवणी आली. आवणीत सगळं गाव चिखलात, पोरंसोरं रोपं वाहणार, शाळा ओस. तुम्ही एकटे देवळात बसून पावसाकडे बघायचात. आवणी सरली, पोरं शाळेत परतली, भाऊही जायला लागला. मी पाटी घेतली तर आई म्हणाली, "तू कुटं? त्याला आता सवय झालीया. तू हितं बस, जात्यावर हात लाव."

मी रडले नाही. मला वाटलं, आता मास्तर पोरं धाडतील.

अजून दिसतं मला ते. मी जोत्यावर बसलेय. सकाळीच केस ओले करून चापून बसवलेत, धुतलेला परकर नेसलेय, कारण उताणं न्यायचं तर लोक बघणार. लाथा झाडायच्या नाहीत हेही ठरलंय. नुसतं ओरडायचं, दिसायला बरं दिसावं म्हणून. आणि पोरं येतात, खरंच येतात, चौघंही. माझ्या दारावरून पुढं जायला लागतात. मी म्हणते, "आरं, हितं! मी हाय की हितं." त्यातला थोरला थांबतो. "तुझं न्हाई काढलं नाव मास्तरांनी. वरच्या आळीला जायचंय." दुसरा हसतो, "पोरीला कुटं उचलत्यात व्हय? बांगड्या फुटतील तुझ्या." आणि वरच्या आळीच्या त्या ठोंब्याला घेऊन पोरं परत माझ्याच दारावरून जातात. तो बोंबलतोय. मास्तर, मला त्याचा इतका हेवा वाटला, की मी त्याला खडा मारला. पुढं पुष्कळ दिवस मी सकाळी केस चापून बसायचे. मग एक दिवस बसले नाही.

तुम्ही म्हणाल, "मी येऊन विचारलं होतं की." विचारलंत, खरं आहे. पण कधी? मला दोन पोरं झाल्यावर, पौडाच्या बाजारात. मी करवंदांची पाटी घेऊन बसलेली, आणि तुम्ही वडाखाली उभे राहून एका फाटक्या पुस्तकातून ओठ हलवत इंग्रजीची अक्षरं पाठ करत होतात. डोक्याचे केस पिकलेले. मी शेजारणीला म्हटलं, "म्हाताऱ्याला आता मामलेदार व्हायचंय वाटतं." तुमचे कान तिखट. जवळ आलात, म्हणालात, "मामलेदार नाही गं. वर गेल्यावर चित्रगुप्तानं इंग्रजीत विचारलं तर?" बायका खिदळल्या. मग पाटीपुढं बसलात आणि हळू म्हणालात, "जोडाक्षरांपाशी राहिली होतीस ना तू? बाजाराच्या दिवशी येत जा. अर्धी घटका बसू. वय लागत नाही त्याला."

इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर बसलं होतं, आणि मी काय म्हणाले? "करवंदं घ्यायची तर घ्या मास्तर, न्हाईतर गिऱ्हाइकाच्या वाटेतनं बाजूला व्हा." तुम्ही द्रोणभर घेतलीत आणि गेलात. पुढं मानमोडीच्या तापाच्या साथीत तुम्ही गेलात, ते मला महिन्याभरानं कळलं. मी तेव्हा निवडायला सूप घेतलं होतं. तांदूळ तसेच ठेवून उठले, कुठं जायचं कळेना, म्हणून परत बसले.

आता हे का लिहितेय ते ऐका. धरणाचं पाणी चढलं, गाव उठलं, तुमचं देऊळ पाण्याखाली गेलं. आम्ही टेकाडावर कुडाचे झाप घालून राहतोय. शाळा पार डोंगराच्या सोंडेपलीकडं. माझी धाकटी तिथं जाते, म्हणजे जात होती. चौथीत आहे. संध्याकाळी आली की चुलीपुढं मला शिकवायची. जोडाक्षरं तिनं पुरी करून घेतली माझ्याकडून. चुकले की तुमच्यासारखीच म्हणायची, "आये, परत." हे तुम्ही माझ्या हातचं वाचताय ते तिचं काम. आणि त्रैराशिकापाशी ती अडली. बरोबरीच्या पोरी पुढं सरकल्या, ही मागं राहिली. आवणी सरली तरी उठेना. "माझ्या डोक्यात न्हाई शिरत. मला न्हाई जायचं." बाप म्हणतो बरं झालं, गुरांमागं जाईल. मी पाठीत धपाटा घातला, तर उलट बोलली, "तू तरी कुटं गेलीस?" मास्तर, मी चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

तिच्या मास्तरांनी निरोप धाडलाय, नागपंचमीपर्यंत आली नाही तर नाव कमी करतो. ते पोरं धाडत नाहीत, नुसतं नाव कमी करतात. मी आणि माझी जाऊ मिळून तिला आजही उचलून नेऊ शकतो, हातात बळ आहे. पण वरच्या आळीचा तो ठोंब्या किती वेळा उचलून आणलात तुम्ही, तो शिकला का? आज अंगठा उठवतो. मग वाटतं, उचलू नये, विचारावं. विचारलं, तर ती माझ्यासारखंच काहीतरी फाडकन बोलेल. तेव्हा उठून जायचं, की बसून राहायचं? किती वेळा विचारायचं माणसाला, तुमचा काय हिशेब होता? तुम्ही मला एकदाच विचारलंत. दुसऱ्या बाजारी विचारलं असतंत तर मी आले असते, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मला खात्री नाही.

हे टपालात पडणार नाही, कळतं मला. अडाणी आहे, येडी नाही. तरी नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आत, मला उत्तर पाहिजे.