डबकं की तळं

ती. लव्हॉनताईस,

ऑर्विलचा शिरसाष्टांग नमस्कार. (तुमच्या पोर्टलंडात नमस्कारालाही परवाना लागत असेल तर आधी तो काढ आणि मग पुढे वाच.) तुझा गुडघा कसा आहे? छपरावरच्या सौरपॅनेलना पावसाळ्यात ऊन मिळतं का? इकडे ओक्लाहोमात गाई, नोरीन आणि मी ठीक आहोत. माझं डोकं मात्र ठिकाणावर नाही, त्याचीच ही हकीकत.

आमचा ड्वेन गेली सहा वर्षं नॉर्थ डकोटात तेलाच्या विहिरींवर राबतोय. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. नातू कोडी बापाला ओळखतो तो फोनच्या पडद्यावर. आता एका गॅस कंपनीला आपल्या उत्तरेच्या कुरणात विहीर खणायची आहे आणि ती सांभाळायचं काम ड्वेनला द्यायला ते तयार आहेत. म्हणजे पोरगा कायमचा घरी. अडचण एकच, विहिरीचा रस्ता आपल्या खोलगट भागातून जातो आणि तिथे पाणी साचतं. सरकारच्या लेखी ते डबकं असेल तर रस्ता होतो. तळं असेल तर दोन वर्षं अभ्यास, अहवाल आणि बेडकांची शिरगणती, आणि कंपनी तोवर थांबणार नाही.

माझं मत तुला पाठ आहे. ज्या देशाच्या पायाखाली गॅस आहे, त्याने दुसऱ्याच्या दारात भांडं घेऊन उभं राहू नये. नियम नकोतच असं मी म्हणत नाही. आजोबांच्या वेळी तेलवाल्यांनी ओढा काळा केला होता, तो मीही पाहिलाय (हे वाक्य तुझ्या शेजाऱ्यांना वाचून दाखवू नकोस). पण ज्यांच्या बुटाला जन्मात शेण लागलं नाही, त्यांनी राजधानीत बसून माझ्या कुरणाचं बारसं करावं, हे काही मला पटत नाही. हेच मी दर रविवारी चर्चच्या न्याहारीला सांगतो आणि सगळे माना डोलावतात. शेजारचा डेलमार स्ट्राउड डोलावत नाही, कारण तो तेव्हा माझ्या ताटातलं बेकन बघत असतो.

तर मी रस्त्याच्या परवान्याच्या अर्जात स्वच्छ लिहिलं, 'डबकं. वर्षातले नऊ महिने कोरडं.' मग पाहणीला सरकारी बाई आल्या. वयाने ड्वेनएवढ्या, बोलायला गोड. नोरीनने त्यांना पीचची गोड पेस्ट्री वाढली, दोन वेळा. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात डेलमार कुंपणाशी ट्रक थांबवून उतरला आणि म्हणाला, "बाई, कशाला चिखलात उतरता? ऑर्विलचं ते डबकं आहे नुसतं. माझी म्हैस बसली तर संपेल."

ताई, खरं तर मी त्याचे पाय धरायला हवे होते. तो माझ्याच बाजूने बोलत होता. (त्याच्याकडे म्हैस नाही, हे निराळं.) पण आपल्या आजोबांच्या जमिनीला शेजारी डबकं म्हणतो, म्हटल्यावर जीभ सुटली. मी बाईंना सांगितलं की मोठ्या दुष्काळात सगळी काउंटी तडकली, तेव्हाही हे तळं आटलं नव्हतं. पास्टरांनी इथे अकरा जणांचा बाप्तिस्मा केला. आणि १९८१ साली मी इथून त्रेचाळीस पौंडांचा कॅटफिश ओढला, जो जत्रेत पहिला आला आणि पेंढा भरून अजून वैरणीच्या दुकानात भिंतीवर टांगलेला आहे. बाई सगळं लिहून घेत होत्या. जाताना दुकानात थांबून त्यांनी माशाचे फोटोही काढले. एवढा मासा डबक्यात वाढत नाही, म्हणजे पाणी बारमाही, असा त्यांचा निष्कर्ष. बाईंना मी दोष देत नाही. मीच त्यांच्या तोंडात घास भरवला.

आता डबकं की तळं ते ठरवायला नऊ तारखेला काउंटीच्या कचेरीत सुनावणी आहे. सगळं गाव येणार. बाकी क्षेम.

तुझा धाकटा भाऊ,
ऑर्विल

ता. क. बाप्तिस्मे झाले हे खरं. पण माणूस पूर्ण बुडवायचा असतो आणि पाणी घोट्याएवढं होतं. ब्रदर हॅस्केलना आडवं निजवून पोटावर बादलीने पाणी ओतावं लागलं, हे तू पाहिलंयस.

ता. क. २. मासा टल्साच्या बाजारातून आणला होता, हे आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. तर तू ये आणि सांग की मासा तू आणून गुपचूप माझ्या गळाला लावलास आणि मला फसवलंस. तू पोर्टलंडला राहतेस, तुझ्याबद्दल इथे कुणी याहून चांगली अपेक्षा ठेवत नाही.

ता. क. ३. पाकीट बंद करायच्या आधी नोरीनने पत्र वाचलं. एवढंच म्हणाली, "भिंतीवर मासा हवाय की घरात पोरगा?" आणि भांडी घासायला गेली. त्यामुळे वरचं सगळं रद्द. माशाचं मीच सांगेन, आपल्या तोंडाने, डेलमारच्या देखत. तरी तू ये. तो हसायला लागेल तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत घरचं कुणीतरी बसलेलं असू दे.