चौथ्या बारमधला ई फ्लॅट

३ मार्च, रविवार

ए हा स्वर वाजायला हवा होता तिथे दादाने ई फ्लॅट लावला — आणि लावून धरला, चारही मात्रा! माझ्या हातात गिटारवर ए ची पूर्ण कॉर्ड होती. दोन्ही आवाज एकमेकांवर आदळले. हॉटेलच्या खिडकीजवळच्या टेबलावरच्या गृहस्थांनी चमचा खाली ठेवला. पाचव्या बारला दादा डी वर आला आणि सगळं पुन्हा जागेवर बसलं, काही झालंच नाही असं.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहून हसत होता.

ब्लूजचं चक्र बारा बारचं, एक बार म्हणजे चार मात्रा. कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे स्वर, तीन. ए म्हणजे घर, डी म्हणजे शेजार, ई म्हणजे घरी परतायचा रस्ता. दादा हे चक्र डबल बेसवर, त्या माणसाहून उंच तंतुवाद्यावर, वाजवतोय तो मी शाळेत होते तेव्हापासून. चौथा बार अजून घरातला. पाचव्याला शेजारी जायचं. ई च्या अर्धा स्वर खाली असलेल्या ई फ्लॅटचं तिथे काय काम? ए पासून त्याहून लांबचा स्वर नाही.

पुढच्या चक्रातही तेच. त्यानंतर नाही.

निघताना घड्याळ जवळ आला. हा आमचा ड्रमर — कधीच वेळेवर येत नाही म्हणून हे नाव. "दादांना बरं नाहीये का?"

दमला असेल, म्हटलं.

दमला नव्हता. बेसला गवसणी घालताना शीळ वाजवत होता.


४ मार्च

लॅबमध्ये दिवसभर एकाच माणसाची खालची कवळी. मेणात दात बसवायचे, साचा मिटायचा, उघडायचा. वरचा दात खालच्यावर नीट बसला नाही तर लगेच दिसतं. तिथे शंका नसते.

कालचंच डोक्यात.

गेल्या थंडीत दादा सकाळी कामाचा शर्ट घालून बाहेर पडला. लिफ्टदुरुस्तीच्या कामातून निवृत्त होऊन वर्षं झाली. कुठल्याशा इमारतीत शिरला, लिफ्ट बंद होती, ती त्याने दुरुस्त केली. मग पायरीवर बसून राहिला. आम्ही पोचलो तेव्हा लिफ्ट चालू होती. त्याला घर सापडत नव्हतं.

डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, "हातांना जे येतं ते सगळ्यात शेवटी जातं. हात चुकायला लागले तर मला सांगा."

कुणाला काही सांगितलेलं नाही.


६ मार्च

संध्याकाळी बाईंकडे. बाई पियानो शिकवायच्या, आता फक्त मला शिकवतात. त्यांची कवळी मी केली. 'स' म्हणताना शिट्टी येते अशी तक्रार घेऊन त्या थेट लॅबमध्ये आल्या होत्या — दोनदा घासून दिली. "तुझ्या दातांनी मी जेवते, माझ्या कॉर्डवर तू जग," म्हणाल्या. तेव्हापासून जाते.

अजून तेच घोटवून घेतात. मूळ स्वर सोडून दे. तो बेसवाला वाजवतोच, तू कशाला पुन्हा सांगतेस? पाचवाही सोड. उरले तिसरा आणि सातवा. दोन तारा, दोन बोटं. तेवढ्याने कॉर्ड कळते. तीच बोटं गिटारच्या मानेवर एक फ्रेट, म्हणजे एक खण, खाली सरकवली की डी. घरापासून एक वर की ई. अख्खं ब्लूज दोन बोटांत! इतकी वर्षं मी पाच तारा आवळून धरत आले.

हॉटेलात मात्र हे न्यायचं धाडस होत नाही. तिथे लोकांना ओळखीचं हवं असतं. तिथे अजून पूर्ण कॉर्ड. हे फक्त घरी, रात्रीच्या जेवणाआधी.

जिन्यात वहिनी भेटली. म्हणाली, "तू वर वाजवायला बसलीस की हा टीव्ही बंद करायला लावतो. छताकडे बघत बसतो. मला तर वाटतं कोळी दिसला."


१० मार्च, रविवार

आज प्रत्येक चक्रात. प्रत्येक! चौथा बार आला की तो लावतोच. आणि दर वेळी माझ्याकडे तेच हसून बघणं, लहानपणी मूठ पुढे करून "आत काय आहे सांग" म्हणायचा तसं.

एकदा मी डोळे वटारले. हसू गेलं. पुढच्या त्या एका चक्रात मात्र त्याने मुकाट ए वाजवला. त्याच्या पुढच्यात पुन्हा ई फ्लॅट, पण हळू.

मॅनेजर सौम्य माणूस आहे. "पाहुणे विचारत होते, त्या काकांची तब्येत बरी आहे ना?"

घड्याळ सौम्य नाही. "ताई, तू म्हणणार नाहीस म्हणून मी म्हणतो. त्यांना आता बसव."


११ मार्च

बोलले.

तो खुर्चीत बेसच्या तारा पुसत होता. खालचा मजला, तीच खोली, मी वाजवते तिच्या बरोबर खाली.

"दादा, चौथ्या बारला तू काय वाजवतोस?"

"का गं?"

"चुकतोयस तू. दोन रविवार झाले."

डावा हात त्याने समोर धरला. उलटा केला. सुलटा केला. कुणीतरी सांभाळायला दिलेली वस्तू असावी तसा.

"नक्की?"

"मला ऐकू येतं, घड्याळाला ऐकू येतं, टेबलांवरच्या माणसांना ऐकू येतं."

"मला वाटलं..." म्हणाला. आणि थांबला. मी थांबले नाही. मी म्हटलं, थोडे दिवस विश्रांती घे, तोवर दुसरा कुणीतरी बघते.

"बरं."

एवढंच. भांडेल अशी तयारी करून गेले होते. जिना चढायला लागले तेव्हा मागून म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे असणार. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला, चिमे. तुझ्यावर आहे."


१२ मार्च

वहिनी दारात. आत आली नाही.

"रविवारचे ते दोन तास माझा नवरा मला परत मिळतो. इतर दिवशी पाहुणा असतो घरात. तेवढेही काढून घेतलेस?"

"वहिनी, स्वर चूक होता."

"का लावतोस, विचारलंस त्याला?"

विचारण्यासारखं त्यात काय होतं? चुकीला कारण नसतं. मनात म्हटलं.

"तुमच्या घरात माणसं बोलत नाहीत, वाजवतात," ती म्हणाली. "मला दोन्ही येत नाही."

डॉक्टरांना फोन केला. सांगितलं. ते "हं" म्हणाले. पुढच्या महिन्यात या म्हणाले.


१७ मार्च, रविवार

नवा बेसवाला आला. बँकेत कारकून, स्वच्छ माणूस. तो सही करतो तसा वाजवतो — दर वेळी हुबेहूब तीच. चौथ्या बारला ए. घड्याळ खूश. मॅनेजरने मान डोलावली. मला पूर्ण दुपार हातावर हात ठेवून बसल्यासारखी गेली, वाजवत असूनही.

परत आले तर दादा कोट घालून पलंगाच्या कडेवर. जेवण झाल्यावर घातलाय म्हणे. वहिनीने काढू दे म्हटलं तर नको म्हणाला, गाडी येईल.

मीच काढला. हात वर कर म्हटलं, केला.


२० मार्च

खालून दिवसभर टीव्ही. मी वाजवत असतानाही.


२७ मार्च

हे नीट लिहायला हवं.

बाईंकडे वाजवत होते. बाई म्हणाल्या, "आज बोटं कुठे आहेत तुझी?" मी सांगितलं. दादाचं सगळं — लिफ्ट, हॉटेल, कोट. मग बाईंनी विचारलं, "लावायचे कोणता स्वर?"

"ई फ्लॅट."

"कितव्या बारला?"

"चौथ्या."

"आणि पाचव्याला?"

"डी. तिथे बरोबर यायचा."

बाई पियानोकडे वळल्या. उजव्या हाताने माझेच दोन स्वर धरले, ए चे, तिसरा आणि सातवा. डाव्या हाताने खाली ए. नेहमीचं घर. मग उजवा हात तसाच ठेवला आणि डावा ई फ्लॅटवर नेला.

तेच दोन स्वर. काहीही हललं नव्हतं. पण खालची जमीन बदलली होती आणि ते दोघं अचानक दुसऱ्याच घरातले झाले — अंधारे, थोडे दुखरे. आणि मग डावा हात अर्धा स्वर खाली, डी वर. इतकं अलगद, की आजवर मी चौथ्यातून पाचव्यात धप्पकन उडी मारत होते हे तेव्हा कळलं.

"जॅझवाले करतात हे," बाई म्हणाल्या. "या दोन स्वरांखाली मूळ स्वर दोन चालतात. ए तरी, नाहीतर ई फ्लॅट. पुढच्या महिन्यात शिकवणार होते तुला. त्यांना कुणी शिकवलं?"

"कुणीच नाही. चुकून लागला असेल."

"चुकून एकदा लागेल. चुकलेला माणूस असा डी वर उतरत नाही गं. घाबरतो, चाचपडतो."

म्हणजे तो छताकडे बघत हे ऐकत होता. बहीण वर दोनच स्वर वाजवतेय, खाली जागा सोडतेय. त्या जागेत काय काय बसतं ते त्याने शोधलं असणार, मनातल्या मनात, कारण त्याच्या बेसचा आवाज तर कधी आला नाही. मग ते रविवारी घेऊन आला. मूठ पुढे केली. आणि मी हॉटेलात भीतीपोटी पाचही तारा वाजवत बसले होते. माझ्या कॉर्डमधला ई त्याच्या ई फ्लॅटवर आदळला. ऐकणाऱ्याला काय कळणार, दोघांत चूक कोण?

मला कळायला हवं होतं.


२८ मार्च

खाली गेले नाही. लॅबमध्ये एक साचा हातातून पडला.


२९ मार्च

दोनदा त्याच्या दारापर्यंत. दुसऱ्यांदा वहिनीने पाहिलं. "ये की. तुझंच घर आहे," म्हणाली, पण वाटेतून सरकली नाही.


३० मार्च, शनिवार

आज गिटार घेऊनच उतरले.

बेस कोपऱ्यात, गवसणीत. मी काढून त्याच्यापुढे धरला. "वाजव."

"नको. चुकेल."

"चुकू दे."

उभा राहिला. बेस खांद्याला टेकला तेव्हा अंग ओळखीचं झालं, पाठ सरळ झाली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मी दोनच स्वर धरले. हॉटेलात धरायला हवे होते तसे. पहिला बार, ए. दुसरा. तिसरा. त्याची नजर माझ्या बोटांवर नव्हती, तोंडावर होती. प्रत्येक स्वर लावून तो माझ्या तोंडाकडे बघत होता, बरोबर आहे ना म्हणून. चाळीसेक वर्षं वाजवलेला माणूस! चौथा बार आला. मी वाट पाहिली. त्याने ए लावला — अगदी हळू, बोट जेमतेम टेकवून.

"दादा, इथे ई फ्लॅट घे ना. तू घ्यायचास तो."

"ते चूक होतं ना?"

"नव्हतं. चूक मी होते. माझ्या कॉर्डमध्ये जास्तीचे स्वर होते. तू मला ऐकून वाजवत होतास, हो की नाही? वरून ऐकायचास?"

"तुला तर ऐकू आलं होतं चुकलेलं. घड्याळालाही."

"दादा, आठव ना."

तो तारांकडे बघत राहिला. "नाही आठवत, चिमे. कुठला ई फ्लॅट?"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा ए. पुन्हा. वहिनी म्हणाली, "पुरे आता. परीक्षा आहे का?"

त्याने बेस स्वतःच कोपऱ्यात ठेवला. गवसणीची चेन ओढली. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाला, "छान वाजवायला लागलीस."

आजार हातापर्यंत पोचला नव्हता. मी पोचले. वर येऊन हेच एक वाक्य तीनदा लिहून खोडलं. आता राहू देते.


३१ मार्च, रविवार

सकाळी पाव आणायला निघाले तर जिन्यात नवा बेसवाला. पाठीवर दादाचा बेस, घाम आलेला. मला पाहून ओशाळला.

"दादांनी काल संध्याकाळी फोन केला होता. वहिनींनी लावून दिला. म्हणाले, सकाळी ये, ती खाली यायच्या आत."

कशाला, विचारलं.

"चौथा बार दाखवला. म्हणाले, तिथे ए वाजवू नकोस, ई फ्लॅट लाव आणि डी वर सरक. ती हल्ली दोनच स्वर वाजवते, खाली जागा सोडते. हॉटेलात घाबरते, पण वाजवेल. ती सांगणार नाही, तू कान ठेव." त्याने घाम पुसला. "चार-पाच वेळा करून दाखवलं. मला जमेपर्यंत सोडलंच नाही. मग म्हणाले, हा घेऊनच जा, तुझ्या बेसचा आवाज पातळ आहे."

वर दादाचं दार लावलेलं होतं.

जिन्याच्या वळणावर जागा कमी आहे. एकट्याला ते जमेना. मी मानेकडची बाजू धरली आणि दोघांनी मिळून बेस खाली उतरवला.