पितृपक्षात न घेतलेली गाडी

शुक्रवार, घटस्थापना, २००३

बिबवेवाडीला बघून ठेवलेली जुनी मोटारसायकल गेली. पितृपक्ष संपला म्हणून आज सकाळीच गेलो, तर जिन्याखाली तेलाचा डाग तेवढा उरलेला. गाडी विकणाऱ्या काकू म्हणाल्या, "अहो, परवाच एकाने नेली. मुलगा अमेरिकेहून सारखा फोन करतो, विकून टाक म्हणून. तुमच्यासाठी किती थांबायचं?"

बघायला गेलो त्या दिवशी पहिल्याच किकला चालू झाली होती. चेन, टायर, कागदपत्रं, सगळं दोनदा तपासलं. खोट सापडेना, तेव्हा म्हणालो, पितृपक्ष चालू आहे, नंतर येतो. आमच्या घरात हे पाळतं कोण? भीती वाटली, एवढंच. कसली, ते आत्ताही लिहिता येत नाही.

घरची एकुलती गाडी मी कामावर नेतो. बाबा दुखऱ्या गुडघ्याने धायरीहून बसने येरवड्याला जातात. ही दुसरी त्यांच्यासाठी होती. संध्याकाळी सगळं सांगितलं. चपला काढता काढता म्हणाले, "बरं केलंस. मेलेल्यांचा मान राखलास. जिवंत माणसाला बस आहेच."

मग गुडघ्याला तेल चोळत बसले. मी चोळून देतो म्हणालो, तर नको म्हणाले.

पहिल्याच किकला चालू झाली होती.