राखेनं घासलेली लँडमास्टर

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥
शिरूर (घोडनदी)
ता. २० एप्रिल १९९८

चि. सौ. मुक्ता हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आमच्या मेहुण्यांचा, बापूसाहेबांचा, खोकला थांबला का? माणूस रेल्वेतनं निवृत्त झाला, पण छातीतली इंजिनाची धूळ काही निवृत्त होईना. तुझ्या सासूबाईंचे, साखरबाईंचे, गुडघे कसे आहेत? त्यांना माझा दंडवत सांग. भाच्याला, विक्रमला, रात्रपाळी मानवते का? तुझं डोकं अजून ठणकतं का? आणि आमची नवरी अपेक्षा, ती जेवते का नीट? लग्न ठरलं की पोरी उगाच उपाशी राहतात. इकडं तुझ्या वहिनीची, गिताबाईची, दाढ उपटली, त्यामुळे चार दिवस घरात मोठी शांतता आहे. हे मी लिहिलंय असं तिला कळू देऊ नको.

पाठवणीला लँडमास्टर मिळेल का म्हणून तू भीत भीत विचारलंस, त्याचं हसू आलं. मामाची गाडी असताना भाची भाड्याच्या जीपनं सासरी जाईल होय? गल्लीतली प्रत्येक नवरी त्या गाडीत बसून गेली आहे आणि कुणाकडनं मी नारळापलीकडं काही घेतलेलं नाही. मी स्वतः गाडी घेऊन येतो, पाठवणी करतो. पोरीचं माहेरी पाचपरतावन आणि देवदर्शन होईस्तोवर आठ दिवस गाडी तुमच्याकडं राहू दे. मला इनामगावला एका पंपाचं काम आहे, मी एसटीनं परत येईन. मग विक्रमनं ती आणून सोडावी.

पण विक्रमला हे वाचून दाखव. गाडी छप्पन सालची आहे, त्याच्या बापाच्या लग्नाआधीची. सकाळी पहिल्यांदा हँडल मारूनच चालू करायची. तापमानाचा काटा तांबड्याकडं गेला की झाडाखाली थांबायचं. चपला बाहेर काढून बसायचं. तेल लावलेली डोकी सीटला टेकायची नाहीत. आणि उष्टं भांडं आपण जसं घासून परत देतो, तशी गाडी घासूनपुसून परत आली पाहिजे.

लग्नाला चार दिवस आधी येतोच. माया कमी होऊ देऊ नको.

तुझा,
हौशीरामदादा


शिरूर
ता. ९ मे १९९८

चि. सौ. मुक्तास आशीर्वाद. वि. वि.

तब्येती विचारायच्या मनःस्थितीत मी नाही, तरी सगळे बरे असाल.

काल विक्रम गाडी सोडून गेला. मी इनामगावहून येईस्तोवर मामीच्या हातचा चहा पिऊन, पुढच्या एसटीनं तो पसारही झाला होता. मी दारात आलो तर उन्हात एक राखाडी डबा उभा. मला वाटलं, कुणीतरी भंगारातली गाडी आणून लावली. नंबर वाचला तेव्हा मटकन पायरीवर बसलो.

मुक्ता, माझ्या गाडीला राखेनं घासलंय! काथ्यानं! भांडी घासतात तशी, गोल गोल हात फिरवून. बॉनेटवर, दारांवर, टपावर, सगळीकडं चकल्याच चकल्या. मोतिया रंगाचे अकरा हात मी दिले होते त्या गाडीला. प्रत्येक हातानंतर पाण्याचा पॉलिश पेपर, मग उन्हाळ्यातल्या पहाटे दुसरा हात, कारण वारा सुटला की धूळ बसते. एका डॉक्टरांच्या गोठ्यात पडली होती ती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. जुन्या बाजारात पाच रविवार घालवून मी तिचा एक कार्बुरेटर मिळवला. कुणी शिकवलं नाही, उघडून बघत बघत शिकलो. आणि तुमच्या घरात ती एका दिवसात कढई झाली. बंपरला तर चिंच लावली आहे. चिंच! चमक जाऊन खाली पिवळे डाग उमटलेत.

मग दार उघडलं. डिकीत अर्धं पोतं ज्वारी आणि गुळाची एक ढेप. मे महिन्याचं ऊन! गूळ वितळून सीटखाली आला, पायपुसण्याला चिकटला, आणि मुंग्यांची अशी रांग की न्हावऱ्यापासून चालत आल्यात वाटावं. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी गुटख्याची पिचकारी मारली आहे, वरून खालपर्यंत ओघळ. तिथं हात लावायला चिंधीही धजत नाही. ही काय लग्नाची माणसं म्हणायची! मला खरंच किळस आली. कालपासून जेवताना तो गुटखा डोळ्यापुढं येतो आणि घास फिरतो.

तेव्हा आता ऐक. गाडीवर मी ताडपत्री टाकली आहे आणि फाटकाला कुलूप. यापुढं ती कुणालाही नाही. आमच्या मळ्याशेजारी बिरदेव राहतो ना, धनगराचा, मेंढरं विकून आता कांदा करतो, त्याच्या मोनिकाचं लग्न २६ तारखेला आहे. त्याला मी शब्द दिला होता. काल त्यालाही तोंडावर सांगितलं, गाडी मिळणार नाही. पोरीनं म्हणे वर्षभर मैत्रिणींना सांगून ठेवलंय. असेल. मी काय करू? गिताबाई म्हणते, राग दौंडच्या बहिणीवर आणि चटका बिरदेवला, हा कुठला न्याय. तिची दाढ बरी झालेली दिसते.

हे कुणी केलं, तेवढं मला कळव.

दादा


दौंड
ता. १४ मे १९९८

ती. दादास मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा घरात पाहुणे होते, म्हणून न्हाणीत जाऊन वाचलं. वहिनीची दाढ, तुझा रक्तदाब, सगळं नीट असू दे, एवढंच आधी मागते.

गुटखा कुणाचा ते सांगते. अपेक्षाच्या चुलतसासऱ्यांचा. जेजुरीहून येताना काच खाली घ्यायला ते विसरले. विक्रम त्यांना बोलला, तर म्हणाले, जुन्या गाडीला काय होतंय. त्याची लाज आमची आहे. मी पाया पडते.

पण राख आमच्या आईंनी लावली. सासूबाईंनी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे वाकत नाहीत, तरी पाटावर बसून, सरकत सरकत, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. मी आणि विक्रम स्टेशनला पाहुण्यांना सोडायला गेलो होतो. आलो तर काम झालेलं. विक्रमनं डोक्याला हात लावला, म्हणाला, आजी, हा रंग हाय, पितळ न्हाई. तर त्या म्हणाल्या, मालकानंच लिवलंय की, उष्ट्या भांड्यावानी घासून द्या. ते पत्र तू विक्रमला वाचून दाखवायला सांगितलं होतंस ना, त्यानंच ते मोठ्यानं वाचलं होतं, सगळ्यांसमोर.

आणि मग दादा, त्यांनी मला एक सांगितलं. माझ्या पोटात ते राहत नाही.

तीन वर्षांपूर्वी आपल्या चुलतभावाच्या, ज्ञानूच्या, पोराचं लग्न शिरूरला झालं. वऱ्हाडातल्या बायकांना मांडवापर्यंत तू गाडीनं सोडलंस. आई त्यात होत्या. त्या उतरल्या, दोन पावलं गेल्या, आणि मागं वळल्या तर तू फिनेलची बादली घेऊन त्यांची जागा पुसत होतास. चारचौघांत. आणि हसत हसत म्हणत होतास, गाडी उष्टी झाली. आईंनी पदर तोंडाला लावला आणि तशाच पुढं गेल्या. तीन वर्षं त्या कुणाला बोलल्या नाहीत. परवा म्हणाल्या, माज्या बसण्याची त्येला किळस येती, तवा मीच अशी घासते की बोट दावायला जागा ऱ्हायची न्हाई. ज्वारी आणि गूळ का, तर शेजारणीचंही भांडं आमच्या घरातनं रिकामं जात नाही. त्यांच्या बोटांची सालं गेलीत. त्या मला हळद लावू देत नाहीत.

रंग पुन्हा लागेल. तुझे हात आहेत. पण तू जे देतोस ना, ते देताना घेणाऱ्याचं तोंड बघत नाहीस. आम्हाला गाडीत बसताना श्वास धरायची सवय झाली आहे. मी तुझी बहीण असून मला तसं होतं.

शिक्षा द्यायची तर मला दे. त्या मोनिकाला कशाला? तिनं काही घासलं नाही.

तुझ्या रागाच्या पलीकडं जी माया आहे, ती माझ्यासाठी शिल्लक ठेव.

तुझी धाकटी,
मुक्ता


शिरूर
ता. २९ मे १९९८

चि. सौ. मुक्तास आशीर्वाद. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कारण आधी लिहिलं असतं तर नुसत्या सबबी लिहिल्या असत्या.

फिनेलचं मला आठवतच नव्हतं. गिताबाईला विचारलं, तर ती न अडखळता म्हणाली, तुम्ही दरवेळी पुसता. दरवेळी, मुक्ता! मला वाटायचं, मी गाडीची काळजी घेतो.

तुझं पत्र आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बिरदेवाकडं गेलो. गाडी देतो म्हटलं. त्यानं बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि खाली बघत म्हणाला, आबा, आम्ही जीप ठरवलीय. मी म्हटलं, जीप पाहुण्यांना ठेव, नवरी माझ्या गाडीतनं जाऊ दे. तेव्हा त्याची आई झुंबरबाई आतनं बाहेर आली. ती म्हणाली, थोरल्या नातीच्या वक्ताला तुमी सीटवर खताच्या गोण्या हाथरल्या हुत्या, आमच्या अंगाला मेंढराचा वास म्हून. नवी साडी नेसून पोर युरियाच्या गोणीवर बसली. सासरच्यांनी बघितलं. तिला अजून गोणीवाली म्हंत्यात.

मी त्या घोंगडीवर बसून ते ऐकलं. गुटख्याची किळस आली होती, त्याच्या दसपट स्वतःची आली. तो ओघळ निदान एका दारावर होता. माझा तर गल्लीतल्या प्रत्येक घरावर आहे, आणि वर मी त्याला उपकार म्हणत आलो. नारळ घेत आलो!

माफी मागायची म्हणून तोंड उघडलं. तेवढ्यात मोनिका कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आली. पोरगी धीट आहे. ती म्हणाली, आबा, माझी आजी म्होरं तुमच्या शेजारी बसंल, गोणीबिगर आन् चपला घालून, तर मी येते. न्हाईतर जीप बरी. झुंबरबाई तिला गप्प करायला लागली. मी म्हटलं, तसंच होईल.

२६ तारखेला गाडी होती तशीच नेली. रंगाला हात लावायला वेळ नव्हता आणि लावावासाही वाटला नाही. गूळ आणि गुटखा तेवढा गरम पाण्यानं काढला, बंपर होता तसाच पिवळा. मांडवात पोरांनी विचारलं, गाडीला काय झालं? मी सांगितलं, माझ्या विहिणीनं घासली. मागं नवरा-नवरी आणि करवली, पुढं माझ्या शेजारी झुंबरबाई. आयुष्यात पहिल्यांदा ती मोटारीत पुढं बसली. गिअर स्टीअरिंगला आहे म्हणून मधे जागा मोकळी, तरी दाराला चिकटून बसली होती. मी दोनदा म्हटलं, ऐसपैस बसा.

नवरीला पोचवून परत येताना करडे घाटाच्या वळणांवर तिला गाडी लागली. थांबा म्हणायलाही तिला सुचलं नाही. सगळं सीटवर, गिअरच्या दांडीवर, माझ्या धोतरावर. लग्नाचं जेवण.

वास असा, की खोटं कशाला लिहू, माझं तोंड आधी खिडकीकडं वळलं. गाडी बाजूला घेतली. आणि मी तिच्याकडं बघितलं, तर ती भेदरून पदरानं सीट पुसायला लागली होती. नव्या लुगड्याच्या पदरानं. तोंड पुसायचं सोडून सीट पुसत होती, आणि माझ्या हाताकडं बघत होती, जणू मी मारेन.

मी तिचा हात धरून पदर सोडवला. खाली उतरवलं, बाभळीखाली बसवलं, बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुवायला लावलं, माझ्या उपरण्यानं तोंड पुसलं. मग आम्ही तसेच गाडीत बसलो. सीट पुसली नाही. पुसायला हात दोनदा उठला, दोनदा मांडीखाली दाबून धरला. काचा खाली केल्या आणि तिच्या दारापर्यंत त्या वासात बसून आलो. उतरताना तिला काही बोलायचं होतं. मी आधीच म्हटलं, चहा टाका, दूध कमी घाला. ओट्यावर बसून दोन कप घेतले, इकडचं तिकडचं बोललो, कांद्याचं, पावसाचं. घरी येऊन फाटक लावलं आणि मगच बादली घेतली.

हे मोठं काही केलं म्हणून लिहीत नाही. पंचावन्न वर्षांच्या माणसाला हे पहिल्यांदा सुचावं, याचीही लाजच आहे.

आता तुझ्याकडं येणं आहे. साखरबाईंची माफी मला पत्रातनं मागायची नाही. पत्र विक्रम वाचणार, आणि पुन्हा सगळ्यांसमोर. मी समोर बसून मागेन. पण मी यावं का, हे तू ठरवू नको, बापूसाहेबांनीही नको. त्यांना स्वतःला विचार. नको म्हणाल्या तर तसंच लिही, गोड करू नको. त्यांची बोटं आता कशी आहेत, हेही लिही.

उत्तराला वेळ लावू नको, मुक्ता. पोस्टमन बन्सी गल्लीत शिरला की मी पायरीवर येऊन उभा राहतो.

तुझा,
दादा