सोळा सोमवार

कुमुदकाकू,

नमस्कार लिहायला हात वळत नाही. हे पत्र पाठवणारही नाही, कारण तुम्ही ते चंदनला दाखवणार नाही.

आमच्या साखरपुड्यात मला थंडी भरली, तेव्हा सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "पोरीची बिमारी लपवली यांनी," आणि मुलाला उठवून घेऊन गेलात.

लपलं होतं ते माझ्या लिव्हरमध्ये. डॉक्टर म्हणाले, मच्छर चावला की मलेरियाचे जंतू तासाभरात लिव्हरच्या पेशींत शिरतात. त्यातले काही महिनोन्‌महिने तिथंच झोपून राहतात. ताप उतरला तरी त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या दोन आठवडे घ्याव्या लागतात.

साखरपुड्याआधी, श्रावणात मलेरियाचा पहिला ताप उतरल्यावर मी त्याच गोळ्या घेत होते. तेव्हाच तुमचा निरोप आला, होणाऱ्या सुनेनं चंदनसाठी सोळा सोमवार धरावेत. पहिल्याच सोमवारी उपाशीपोटी गोळी घेतली तर पोटात आग पडली, म्हणून गोळ्याच सोडल्या. ताप नव्हताच, मग आईनं उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. सोमवार मात्र मी सगळे केले.

आज पुन्हा सोमवार आहे. सकाळी पोटभर पोहे खाल्ले आणि या वेळच्या दोन आठवड्यांतली शेवटची गोळी घेतली.

तुमची कोणीच नसलेली,
रंजिता
बहादरपूर