लॅमिनेशन केलेला कागद

शिरूर,
मंगळवार, ६ फेब्रुवारी २००७

प्रिय झिशान,

काल संध्याकाळी तू वरणभाताचे चार घास खाल्लेस. डॉक्टरबाईंनी आज सकाळी फोनवर तसं सांगितलं आणि मी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तुला दौंडला भरती केलं त्याला आज अकरा दिवस झाले. इतक्या दिवसांत तू स्वतःच्या हातानं खाल्लेलं हे पहिलंच. अम्मीला सांगितलं, तर ती ओढणी डोक्यावर ओढून गॅसपुढे बसून राहिली. फोन ठेवता ठेवता डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही लिहितो. भात दवाखान्याचा होता म्हणून तू खाल्लास. शनिवारी मी आणलेला डबा तू उघडलाही नाहीस. भाईनंच मला इथं डांबलं, त्याच्या हातचं काही आत येऊ देऊ नका, असं नर्सला सांगितलंस.

इकडे सगळं चाललंय तसं चाललंय. तहसील कचेरीच्या बाहेर माझं टेबल रोज लागतं. उत्पन्नाचे दाखले, रेशनकार्डात नाव घालणं, कमी करणं. कचेरीतले बापूसाहेब कालही चहाला आले आणि चारचौघांत म्हणाले, "इनुसभाई, तुमचा भाऊ बिगर सेलचा रेडिओ ऐकतोय म्हणं. कुठलं स्टेशन लागतंय?" सगळे हसले. मीही हसलो. तुला खोटं सांगायचं नाही असं ठरवून बसलोय, म्हणून हेही लिहितो. मी हसलो.

तुला तो दिवस आठवत असेल. नोव्हेंबर होता. रांजणगावची पहिली पाळी करून तू कंपनीच्या कपड्यांतच माझ्या टेबलापाशी आलास. हातात स्टँडजवळच्या सायबर कॅफेतली प्रिंट होती. सोळा प्रश्न होते, इंग्रजीतले. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नाही ते तुम्हाला ऐकू येतं का. तुमच्यावर कुणी पाळत ठेवतंय असं वाटतं का. तुमच्या डोक्यात दुसरं कुणी विचार घालतं का. तू एकट्यानं बसून, एकेक शब्दाचा अर्थ लावत, खरी उत्तरं भरली होतीस. खाली लाल अक्षरांत लिहून आलं होतं, लवकरात लवकर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तू कागद माझ्यापुढे ठेवलास आणि हळूच म्हणालास, "भाई, मी नापास झालो." मशीनच्या आवाजात दोन माणसं तुझं नाव घेऊन बोलतात, हे तू त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलंस. मला सांगितलंस. तू घाबरला होतास, पण मदत मागायला आला होतास.

आणि मी काय केलं? माझा सतरा वर्षांचा धंदा तू बघितलायस. माणूस येतो, फॉर्म पुढे करतो, मी रकाने भरतो. कुठल्या रकान्यात काय लिहिलं की अर्ज परत येत नाही, ते मला पाठ आहे. लोक खरं सांगायला लागले की मीच थांबवतो, म्हणतो, तेवढं कशाला लिहायचं, काम अडेल. आपल्या बहिणीला, सुहानाला, खुटबावचं स्थळ त्याच आठवड्यात आलं होतं. दुसऱ्या दिवशी तुला घेऊन मी त्याच कॅफेत गेलो. तू खुर्चीवर बसलास, माऊस मी धरला. बऱ्याचदा असं तू लिहिलं होतंस, तिथं मी कधीच नाही केलं. सोळाच्या सोळा. मध्येच लाईट गेली. लोडशेडिंग संपेपर्यंत आपण पाऊण तास अंधारात बसलो आणि तू दोनदा म्हणालास, पण भाई, ऐकू येतं की. मी म्हणालो, अरे, सगळ्यांनाच येतं. लाईट आल्यावर पुन्हा सगळं भरलं. हिरव्या अक्षरांत आलं, सध्या काळजीचं कारण दिसत नाही. त्याची प्रिंट काढली, लोकांचे दाखले करतो तसं तिला लॅमिनेशन करून घेतलं आणि तुला दिलं. झालास पास, म्हणालो. आपण भेळ खाल्ली.

मला वाटलं होतं, तुझी भीती गेली. भीती खरंच गेली होती, पण ती का गेली ते मला शनिवारी डॉक्टरबाईंनी समजावलं. तुझ्या डोक्यात काही बिघाड नाही असं कॉम्प्युटरनं सांगितलं, भाईनंही सांगितलं. मग आवाज राहिलेच ना. म्हणजे ते दोघं खरे. म्हणून तू नोकरी सोडलीस, घराच्या खिडक्यांना पेपर लावलेस आणि शेवटी त्यांनी बोलावलं म्हणून एसटीनं दौंडला जाऊन रुळांत उतरलास. रेल्वे पोलिसांनी ओढलं तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं गेलीच होती. त्यांना तू शर्टातून तो कागद काढून दाखवलास, मी ठीक आहे, हे बघा. हे त्यांच्या हवालदारानं मला सांगितलं. तो सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

खुटबावकरांनी निरोप पाठवलाय, सध्या घाई नको म्हणून. सुहाना रडली नाही. एवढंच म्हणाली, "माझ्या नावावर खोटं लिहायचं होतं तर मला विचारायचं तरी, भाई." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

डॉक्टरबाई मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. तुझ्याशी पहिल्या दिवशी त्या आवाजांबद्दल बोलल्याच नाहीत म्हणे. पाय दुखतो का, उशी पुरते का, एवढंच विचारत शेजारी बसल्या. तो कागद त्यांनी पूर्ण वाचला आणि तुझ्या हातात परत दिला. तू तो छातीशी धरून झोपतोस. मी म्हणालो, काढून घ्या ना तो. त्या म्हणाल्या, "मी घेतला तर त्याच्या लेखी मीही त्या दोन आवाजांतलीच होईन. ज्यानं दिला, त्यानं मागावा." तू बरा होशील का, हेही विचारलं. औषधानं आवाज कमी होतील बहुतेक, म्हणाल्या, पण उशीर झालाय, आणि त्याहून जास्त शब्द द्यायला त्या तयार नाहीत.

म्हणून हे पत्र. झिशान, तो कागद मला परत दे. त्यातलं एकही उत्तर तुझं नाही. तुझी खरी प्रिंट मी फाडली नव्हती, स्टँपपेपरच्या खाली ठेवली होती. ती सोबत आणतोय. गुरुवारी सकाळच्या एसटीनं निघेन, दहापर्यंत पोहोचेन. डॉक्टरबाई हे पत्र तुला वाचून दाखवतील आणि मग विचारतील, इनुसला आत बोलवू का. मी बाहेरच्या बाकावर असेन, डबा न आणता. त्यांचा अंदाज आहे की या गुरुवारी तू नाही म्हणशील, पुढच्याही गुरुवारी म्हणशील. मी दोन्ही गुरुवारचं टेबल बंद ठेवलंय.

तू मानशील तेव्हा तुझाच,
इनुसभाई